फक्कीची बोट

आमच्या अनसिंगला सुखदेव इंगोले यांच्या अंगणात फक्कीनं आखलेली एक बोट होती. कबड्डीचं मैदान आखतात तशी. पुढून निमुळती, मागून रुंद, लांबीला सोळा हात. दर रविवारी दुपारी चार ते सहा इंगोल्यांचं अख्खं कुटुंब त्या बोटीत बसून असायचं. या दोन तासांत कुणी रेघेबाहेर पाय टाकला, की तो माणूस बुडाला असं धरत. बुडालेल्या माणसाला त्या दिवशी चहा मिळत नसे.

समुद्र अनसिंगपासून दोन दिवसांच्या वाटेवर. गावात पाणी म्हणजे विहिरीचं, आणि तेही वैशाखात तळ दाखवणारं. मी नुकताच बदलून आलेला मास्तर, एकटा, विहाराशेजारच्या आळीत खोली घेऊन राहणारा. इंगोल्यांची आणि माझी भिंत एक. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी काडेपेटी मागायला म्हणून त्यांच्या अंगणात शिरलो, तर समोरून आवाज आला, "थांबा मास्तर! तुमी पान्यात उभे हा!"

मी खाली पाहिलं. पायाखाली नुकतंच सारवलेलं अंगण होतं.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मागून चढा. समोरून कोनी चढत नसते. पान्यावर शिस्त लागते."

मी मागून चढलो. मला चहा मिळाला आणि काडेपेटीही मिळाली. पण सहा वाजेपर्यंत उतरता आलं नाही.

इंगोलेभाऊ गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर वाशीमहून आठवड्यातून दोनदा यायचे, एरवी सगळा कारभार भाऊंच्या हाती, म्हणून गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं किडकिडीत, खाकी शर्टाच्या खिशात गुरांचा जाडजूड थर्मामीटर. जन्म जनावरांत गेल्यामुळे माणसांशीही ते तसेच वागत. कधी पाठीमागून येत नसत, मोठ्यानं बोलत नसत, आणि कुणी रागावला की त्याच्या मानेवर हात ठेवायला बघत. हेडमास्तरांच्या मानेवरही त्यांनी एकदा हात ठेवला होता. हेडमास्तर शांत झाले, ही गोष्ट वेगळी.

घरी बायको शांताबाई, ज्यांना मी वहिनी म्हणत असे. थोरली रंजना, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. मधला प्रकाश, अकोल्याला आयटीआयमध्ये शिकणारा आणि रविवारची एसटी पकडून बोटीसाठी येणारा. आणि धाकटी बेबी, चौथीत, माझ्याच वर्गात. गावाच्या कडेला पाच एकर जमीन. नोकरी सांभाळून ती भाऊ स्वतः करत. आणि या सगळ्यांना एकदा, फक्त एकदा, खऱ्या समुद्रात, शिडाच्या खऱ्या बोटीत बसवायचं, हा त्यांनी घेतलेला ध्यास.

हे खूळ कुठून आलं, याबद्दल गावात मतभेद होते. खतवाल्यानं दिलेल्या एका कॅलेंडरवर शिडाची होडी होती, त्यातून आलं, असं शेजारी सांगत. वहिनींचं मत निराळं. त्या म्हणत, "माजलेला बैल जसा एका जागी उभा राहून जिमीन उकरते ना मास्तर, तसं हे. कारन इचारू नये. पाय आवरून बसावं."

बोटीत प्रत्येकाची जागा ठरलेली. आमच्या भागात माणूस डावं-उजवं सांगत नाही, दिशा सांगतो. जेवायच्या पंगतीतसुद्धा "जरा मावळतीकडे सरका" असं म्हणतात. त्यामुळे भाऊंनी जागा दिल्या त्याही तशाच. रंजना उगवतीला, प्रकाश मावळतीला, वहिनी वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, कारण तिकडे चूल, बेबी मधोमध, स्वतः भाऊ मागे. ही मांडणी त्यांनी सर्वांकडून घोकून घेतली होती. अंधारात, डोळे मिटून, पाऊस आला तरी आपापल्या दिशेला जाऊन बसता आलं पाहिजे.

एका रविवारी चुलीवरचं दूध उतू चाललं. वहिनी उठल्या, रेघ ओलांडून गेल्या, दूध उतरवलं आणि पदराला हात पुसत परत आल्या. भाऊंनी खेदानं मान हलवली. "बुडाली. पोरं पोरकी झाली."

"बुडाली तं बुडाली," वहिनी म्हणाल्या. "दूध तं वाचलं."

त्या दिवशी वहिनींना चहा मिळाला नाही. म्हणजे त्यांनीच केला, सगळ्यांना दिला, आणि स्वतःचा आत जाऊन प्यायल्या.

बोटीची खरी बोलणी माझ्यामार्फत झाली, कारण माझं अक्षर बरं होतं. वाशीमच्या कचेरीत मालवणकडचे एक कारकून बदलून आले होते. त्यांच्या ओळखीनं तिकडच्या भिकाजी तांडेलाचा पत्ता मिळाला. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. त्याची शिडाची बोट होती, मासळीच्या हंगामात मासळी आणि एरवी प्रवासी. दोन दिवसांसाठी अख्खी बोट आपल्या कुटुंबाला पाहिजे, असं भाऊंनी मला लिहायला सांगितलं. मग प्रश्न सांगू लागले.

"लिहा. बोट किती सालाची हाये? चालीले कशी हाये? बुजते काय?"

"भाऊ, बोट कशी बुजेल?"

"मास्तर, सवारी घ्याच्या आंधी इचाराव लागते. लिहा. मधातच बसकन तं मारत नाही?"

मी जमेल तितकं सभ्य करून लिहिलं, की बोटीचा स्वभाव कसा आहे ते कृपया कळवावे. मला वाटलं उत्तर यायचं नाही. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. तांडेलानं लिहिलं होतं, "माझी बोट स्वभावाने गरीब आहे. वाऱ्याच्या स्वभावाची हमी मी देत नाही."

भाऊंनी कार्ड दोनदा वाचायला लावलं. "मानूस सच्चा हाये," म्हणाले. "खोटा असता तं वाऱ्याची बी हमी देल्ली असती."

मग तारीख. भाऊंनी श्रावण कळवला. त्यांचा हिशोब बिनतोड होता. पेरण्या झालेल्या, निंदण-डवरणी आटोपलेली, कपाशीला बोंडं लागायची. शेतकरी त्या दिवसांत जरा मोकळा. आमच्या साऱ्या पंचक्रोशीत लोक पाहुण्याच्या गावी जातात ते याच दिवसांत. कार्ड आलं, "श्रावणात समुद्र बंद असतो. आमच्या बोटी वर ओढून, नारळीच्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय कोणी पाण्यात जात नाही."

भाऊ ओट्यावर बसून होते.

"बंद असते म्हंजे? समुद्राले काय दार हाये?"

"पावसाळ्यात खवळलेला असतो, भाऊ. लाटा, वादळं."

"म्हंजे आमाले फुरसत असते तवा त्याले नसते."

हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढची अडीच वर्षं ते सिद्ध होत गेलं. समुद्र उघडला, तर इकडे कपाशी फुटली. वहिनींशिवाय वेचणी होईना. कार्तिक गेला. माघात सगळं जमत आलं होतं, तर खुरकुताची साथ आली आणि भाऊ महिनाभर शेलूबाजारापर्यंत गावोगाव गुरांचे खूर धूत हिंडले. पुढल्या चैत्रात प्रकाशची परीक्षा. जमिनीचं आणि समुद्राचं पंचांग काही जुळेना. दर वेळी मी नकाराचं कार्ड लिहायचो आणि दर वेळी तांडेल एका ओळीत उत्तर पाठवायचा, "हरकत नाही. बोट आहेच." रविवारची बोट मात्र चुकली नाही. पावसानं फक्की धुतली गेली की भाऊ सोमवारी नवी आखत.

मी याकडे करमणूक म्हणूनच पाहत होतो, हे कबूल करतो. शाळेत मी त्यांची नक्कल करत असे. चांगली वठायची.

तिसऱ्या वर्षी रंजनाची सोयरीक जमली. मुलगा इंझोरीचा, वायरमन, पोरगा चांगला, माणसं चांगली. इंगोल्यांच्या समाजात मुहूर्ताची भानगड नाही, तेव्हा तारीख चुटकीसरशी ठरेल असं सगळ्यांना वाटलं. बैठकीला मलाही बोलावलं होतं. चिवडा झाला, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी मे महिन्याचा पहिला आठवडा सुचवला. हुंडा नको, मानपान नको, फक्त लवकर उरकू, कारण मुलाच्या आजोबांचं काही खरं नाही.

त्या दिवशी सगळ्याच गोष्टींना मान डोलावत असलेले भाऊ म्हणाले, "तारीख तीन हप्ते समोर न्या."

"काहून?" मुलाच्या काकांनी विचारलं.

"प्रकाशची परीक्षा एप्रिलच्या आखरीले सरते. त्याच्यानंतर मले पोरीले समुद्रावर न्यायची हाये."

बैठक गार पडली. काकांनी बशी खाली ठेवली. "पोरीले काही बिमारी हाये काय? हवापालटाले न्याची हाये काय? जे असन ते आत्ताच सांगा, इवाई."

"बिमारी नाही. बोटीत बसवाची हाये."

दाराआड वहिनींनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सोयरीक मोडायला आमच्याकडे याहून बरीच लहान कारणं पुरतात.

काकांनी तोडगा काढला. "मंग लग्न झाल्यावर न्या ना. जवायाले बी न्या संगं. समुद्र काय पयून जाते?"

"मंग ती तुमची होईन," भाऊ म्हणाले. "घरी आली तं पाव्हनी म्हनून येईन. मले एक डाव आमी पाच जन पायजे. पाच जन. नंतर तुमची."

आवाज चढवला नव्हता. नेहमीच्याच सुरात बोलले. मुलाच्या वडिलांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मला वाटलं उठतात आता. ते म्हणाले, "बसवा बापा बोटीत. पन वापस आना तिले." आणि तारीख तीन आठवडे पुढे गेली.

मी सहावा. पत्रं लिहिणारा माणूस बोटीत पाहिजेच, असा भाऊंचा आग्रह. मला सुट्टी होती आणि गंमत पाहायची होती.

वाशीमहून छोट्या लायनीनं अकोला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, मुंबईहून एसटीनं मालवण. सामानात अर्धं पोतं ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी, बैलाचे दोन नवे कासरे, आणि अनसिंगच्या विहिरीच्या पाण्याचे दोन डबे. समुद्राचं पाणी खारट असतं एवढं भाऊंना पक्कं माहीत होतं. त्यामुळे त्या बाजूच्या विहिरींवरही त्यांचा विश्वास नव्हता.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही सगळे वाळूत उभे राहिलो. बेबी ओरडली. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला. भाऊंनी कपाळावर आडवा हात धरला. मग म्हणाले, "बापा! एवढं पानी, अन् एक मोट नाही!"

भिकाजी तांडेल साठीचा, काळा, मितभाषी माणूस. बोटीत त्याच्यासोबत एक खलाशी. भाऊंनी आधी बोटीला चक्कर मारली, पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, फळीवर थापटलं. मग सगळ्यांना आपापल्या दिशेला बसवलं. रंजना उगवतीला, प्रकाश मावळतीला. अडीच वर्षांच्या शिस्तीनं पाच जण पाच जागी असे बसले की तांडेलही बघत राहिला. शीड भरलं. बोट निघाली.

आणि वळली.

भाऊंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. उगवतीला बसवलेली रंजना आता मावळतीला होती. "रंजने! उगवतीले ये! पर्काश, तू तिकडे!" पोरं उठली, वाकत वाकत जागा बदलल्या. बोट पुन्हा वळली. पुन्हा उठाउठ. अंगणातली बोट अडीच वर्षांत कधी वळली नव्हती, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासुद्धा. तिसऱ्या वळणाला वहिनी दिशा शोधत उभ्या राहिल्या आणि बोट एका अंगाला अशी झुकली की ठेच्याची बरणी गडगडत गेली.

"जागेवरसून हलू नकात!" तांडेल गरजला. "खंय चललास सगळे? बसा गप!"

सगळे जिथं होते तिथं बसले. वहिनी प्रकाशशेजारी, बेबी रंजनाच्या मांडीवर, भाऊ माझ्या पायांशी. शिस्त संपली. भाऊंनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. बेबी खुदकन हसली, मग रंजना, मग वहिनी अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

किनारा बराच मागे गेला, तेव्हा वारा पडला. शीड दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबू लागलं. बोट जागच्या जागी उभी राहिली. "वारो पडलो," तांडेल म्हणाला. "येतलो. बसा."

करण्यासारखं काहीच नव्हतं. मग प्रकाशनं रंजनाला चिडवलं, की इंझोरीला लाईट गेली तर लोक तुझ्या नवऱ्याला शिव्या देतील. तिनं त्याला लहानपणी मडक्यात डोकं अडकल्याची आठवण करून दिली. वहिनी म्हणाल्या, मडकं फोडलं ते मी, नवं होतं. मग प्रकाशच्या जन्माच्या वेळची गोष्ट निघाली, मग कुठल्या तरी गाईची. भाकरी सोडल्या. अनसिंगचं पाणी फिरलं. ऊन होतं, पण कुणी तक्रार केली नाही.

तासाभरानं तांडेलानं वल्ह्याला हात घातला. भाऊंनी हळूच त्याचं मनगट धरलं. "राहू द्या. काही घाई नाही."

मी खाली सरकून त्यांच्याजवळ बसलो. खरं तर फिरकी घ्यावी म्हणूनच विचारलं, "भाऊ, एवढी हौस बोटीचीच काहून? जत्रेला जाता आलं असतं."

ते पोरांकडेच पाहत होते. "मास्तर, आमी पाच भावंडं होतो. म्या आठ वर्षांचा असन तवा खायाचे वांधे झाले. बापानं एकाले मामाकडे ठेवलं, एकाले ढोरामांगं ठेवलं, बहीनीचं लग्न लावून देल्लं. मी शेलूबाजारले एकाच्या गोठ्यात. लहान्याले कोनाकडे देल्लं ते मायनं कधी सांगतलंच नाही. त्याच्यानंतर पाची जन एका जागी कवाच बसलो नाही. माय मेली तवा बी तिघंच पोचलो. घरी म्या लय खेप बसवून पाह्यलं याह्यले. एक उठते, दुसऱ्याले कोनी हाक मारते, दूध उतू जाते. मंग इचार केला, असी कोनती जागा हाये का जिथून कोनाले उठूनच जाता येत नाही?"

शाळेत केलेल्या नकला आठवल्या आणि मला माझीच लाज वाटली. त्यांच्या मानेवर हात ठेवावा असं वाटलं, पण मला ते जमण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात पाण्यावर सुरकुती आली. शीड हललं. "आला, आला!" पोरं ओरडली, प्रकाशनं टाळ्या वाजवल्या. भाऊंनी एकदा शिडाकडे पाहिलं, एकदा पोरांकडे, आणि तांडेलाजवळ सरकून अगदी हळू विचारलं, "तुमच्याकडे वारा थांबवाची काही सोय नसते काय?"

मला वाटलं म्हातारा हसेल. तो हसला नाही. त्यानं आमच्यावरून नजर फिरवली, रंजनाच्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्यांवर ती जरा थांबली. मग त्यानं खलाशाला खूण केली आणि दोघांनी मिळून भरू लागलेलं शीड खाली उतरवलं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"दोरी जरा बघूक होयी," तांडेल म्हणाला. "येळ लागतलो. बसा तुमी."

दोरीला काही झालेलं नव्हतं. तांडेल ती मांडीवर घेऊन सोडत होता आणि पुन्हा होती तशीच बांधत होता. वारा आमच्या अंगावरून चालला होता. रंजनाच्या लग्नाला तेरा दिवस उरले होते, आणि मडक्याची गोष्ट बेबीला पुन्हा पहिल्यापासून ऐकायची होती.